वाडीत उजेड पाहिजे, पण जंगल न तोडता. मदत करा

नमस्कार मंडळी, आंबेगाव तालुक्याच्या पश्चिमेला भीमाशंकरच्या जंगलाला चिकटून आमची महादेव कोळी समाजाची वाडी आहे, २३ घरांची. खाली गावापर्यंत लाईन आलीय, वाडीपर्यंत नाही. आणि खरं सांगायचं तर ती खांबांची लाईन वर यावी असं आता आम्हालाच वाटत नाही, कारण तारेसाठी झाडांची अख्खी पट्टी मोकळी करावी लागते. शेकरू, म्हणजे झाडावर राहणारी मोठी खार, फांदीवरनं फांदीवर जातं, जमिनीवर सहसा उतरत नाही, मधे पट्टी पडली की त्याची वाटच तुटते. त्याच्यासाठीच तर १९८५ मध्ये हे अभयारण्य झालं. देवराईतली फांदी आमच्या आज्यांनी कधी चुलीत घातली नाही, मग आपण तारेसाठी कशी तोडायची?

म्हणून सोलर.

मागे एकदा एका संस्थेने घरोघरी सोलर दिवे बसवले होते, फोटो काढले, गेले. दुसऱ्या पावसाळ्यात बॅटऱ्या बसल्या, पॅनलवर शेवाळ धरलं, बघायला कोणी आलं नाही. पॅनल अजून छपरावर तसेच पडलेत, त्यात पोरांची दहावी कंदिलावर. त्यामुळे यावेळी नुसतं सामान नको, वाडीतल्या दोन पोरापोरींना वायरिंग, बॅटरी, कंट्रोलर सगळं शिकवणारा माणूस पण पाहिजे. आपल्याकडे पावसात आठ आठ दिवस ऊन दिसत नाही, तेव्हा पॅनल थोडं मोठं आणि बॅटरी लिथियमची लागेल. घरटी दोन बल्ब आणि मोबाईल चार्जिंग एवढं चाललं तरी खूप झालं. रस्त्यावर फोकस नकोत, पावसाच्या तोंडावर काजवे येतात, त्यांना उजेडाचा त्रास होतो, बल्ब घरातच राहतील.

दुसरी गरज हिरड्याची. बाळहिरडा, म्हणजे हिरड्याची कोवळी फळं, गोळा करून अंगणात वाळवतो, त्यावरच वर्षाचा किराणा. वळवाचा पाऊस आला की बायका ताडपत्री घेऊन धावतात, तरी एखादं पोतं काळं पडतंच, मग व्यापारी भाव पाडतो. २०२० च्या निसर्ग वादळात तर आपल्या भागातली हिरड्याची कितीतरी झाडं मुळासकट गेली, राहिलेल्या झाडांचा माल तरी नीट वाळला पाहिजे. त्यासाठी एक सोलर ड्रायर, वाडीत मिळून वापरायचा. हिरड्याला भाव मिळाला तर ते झाड कोण तोडेल?

पुण्या-मुंबईचे ट्रेकर, भीमाशंकरला दर्शनाला येणारे, आणि आमचीच नोकरीला बाहेर गेलेली मंडळी, ज्याला जे जमेल ते द्या. पैसे, चालू पॅनल, वायर, किंवा सोलरचं काम येत असेल तर दोन दिवस. जुन्या बॅटऱ्या मात्र कृपया नको. आलेल्या प्रत्येक रुपयाचा हिशोब वाडीच्या बैठकीत वाचून दाखवू, देणाऱ्यालाही पाठवू.

मृग लागायच्या आत काम उरकायचंय. गाडी खालच्या गावापर्यंतच येते, पुढे अर्ध्या तासाची चढण. येताय तेवढं आधी कळवा, सामान खांद्यावर घ्यायला पोरं खाली थांबतील.