एका आकड्यात न मावणारे उत्तर

प्रिय श्रीकांत,

सप्रेम नमस्कार.

गौरीचे सोनोग्राफीचे अहवाल आणि सोबतचे तुझे पत्र मिळाले. “लेझर केले तर बाळे वाचण्याची शक्यता किती, ते एका आकड्यात सांग,” असे तू लिहिले आहेस. आकडा सांगणे मला अवघड नाही, आणि आम्हा डॉक्टरांना टक्केवारी सांगून मोकळे होण्याची सवयही असते. परंतु या शस्त्रक्रियेबाबत एकच आकडा सांगितला तर तो खरा असूनही तुमची दिशाभूल करील. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

गौरीच्या दोन्ही बाळांची वार (प्लॅसेंटा) एकच आहे आणि त्या वारेवर एकाच्या रक्तवाहिन्या दुसऱ्याच्या रक्तवाहिन्यांना मिळालेल्या आहेत. एका वारेवर वाढणाऱ्या जवळजवळ सर्वच जुळ्यांमध्ये असे जोड असतात व बहुतेकांत रक्ताची देवाणघेवाण बरोबरीची राहते. शंभरांतील दहा ते पंधरा गरोदरपणांत मात्र ती एकतर्फी होते, आणि यालाच ट्विन-टू-ट्विन ट्रान्सफ्युजन सिंड्रोम म्हणतात. रक्त देणाऱ्या बाळाला लघवी कमी होते, त्यामुळे त्याच्या भोवतीचे गर्भजल आटते. घेणाऱ्या बाळाला ती जास्त होते, त्याच्या भोवती पाणी साचत जाते आणि त्याच्या हृदयावर ताण येतो. अहवालात ‘क्विंटेरो २’ असे लिहिले आहे, म्हणजे आजाराच्या तीव्रतेची दुसरी पायरी; त्याचा अर्थ देणाऱ्या बाळाचे मूत्राशय आता सोनोग्राफीत दिसेनासे झाले आहे, पण दोघांचाही रक्तप्रवाह अजून गंभीररीत्या बिघडलेला नाही.

तुझ्या घरच्यांपैकी कोणी “थोडे थांबून पाहू” असे सुचवले आहे, असे दिसते. तो सल्ला अगदी निराधार नाही, पण तो पहिल्या पायरीसाठी आहे. फक्त पाण्याचा फरक असताना लगेच लेझर करावे की लक्ष ठेवावे, याची तुलना करणारी एक चाचणी २०२१ साली प्रसिद्ध झाली. मज्जासंस्थेचा गंभीर दोष न राहता जगलेल्या बाळांचे प्रमाण दोन्ही गटांत जवळजवळ सारखे, ७७ आणि ७८ टक्के, निघाले. मात्र थांबलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक स्त्रियांवर पुढे उपचार करावेच लागले. गौरी ती पायरी ओलांडून गेली आहे. इतक्या लवकरच्या महिन्यांत आजार तीव्र झाला आणि काहीच केले नाही, तर दहापैकी आठ-नऊ बाळे दगावतात.

आता शस्त्रक्रियेविषयी. आईच्या पोटावर छोटा छेद घेऊन दोन-तीन मिलिमीटर जाडीची दुर्बीण गर्भपिशवीत नेतात, दोन्ही बाळांच्या रक्तवाहिन्या जिथे मिळतात ते जोड वारेवर शोधतात व लेझरने एकेक बंद करतात. शेवटी साचलेले जादा पाणी काढून घेतात. बाळांना कुठेही कापावे लागत नाही, उपचार होतो तो वारेवर. अमेरिकेत ज्युलियन डी लिया यांनी १९८८ साली हे प्रथम केले. त्याआधी, आणि नंतरही बरीच वर्षे, नुसते पाणी काढून दाब कमी करणे हाच नेहमीचा उपाय होता. दोन्ही उपायांची तुलना करणारी युरोपातील चाचणी २००४ साली प्रसिद्ध झाली. १४२ स्त्रियांनंतर ती मुदतीपूर्वीच थांबवली गेली, कारण लेझरचा लाभ तोवर स्पष्ट झाला होता: निदान एक बाळ २८ दिवस जगण्याचे प्रमाण लेझरच्या गटात ७६ टक्के, तर पाणी काढण्याच्या गटात ५६ टक्के.

‘निदान एक बाळ’ हे शब्द पुन्हा वाच, कारण मुख्य मुद्दा तिथे आहे. लेझरच्या पहिल्या पंचवीस वर्षांतील निष्कर्षांचा एकत्रित आढावा सांगतो की दोन्ही बाळे जगण्याचे प्रमाण सुमारे ३५ टक्क्यांवरून ६५ टक्क्यांवर गेले, आणि निदान एक जगण्याचे ७० वरून ८८ टक्क्यांवर. आता शंभर माता डोळ्यांसमोर आण. ६५ जणींची दोन्ही बाळे वाचतात, २३ जणींचे एक वाचते, १२ जणींच्या पदरी एकही राहत नाही. दोनशे बाळांपैकी १५३ वाचली, म्हणजे सुमारे ७६ टक्के. याच शंभर मातांविषयी एक डॉक्टर ८८ म्हणेल, दुसरा ७६ म्हणेल, तिसरा ६५ म्हणेल, आणि तिघेही खरे बोलत असतील. गौरीच्या मनात ‘बाळे वाचणे’ याचा अर्थ दोन्ही वाचणे असा असणार. तिला ८८ ऐकवून धीर देणे मला प्रामाणिकपणाचे वाटत नाही.

एक बाळ गेले तर लेझरचा उपयोग काय, असेही तुला वाटेल. जोड उघडे असताना एक बाळ दगावले, तर दुसऱ्याचे रक्त अचानक त्याच्याकडे वाहून जाते, आणि त्यातून दुसऱ्याचा मृत्यू किंवा मेंदूला इजा होऊ शकते. जोड बंद झाले की हा धोका पुष्कळ कमी होतो. म्हणून लेझर हा उरलेल्या बाळाचाही बचाव आहे. हे बोलायला क्रूर वाटते, पण शस्त्रक्रियेपूर्वी दोघांनाही समजलेले असावे.

जगण्याच्या पुढचा प्रश्न मला, नवजात बाळांच्या विभागात उभे आयुष्य घालवलेल्याला, अधिक महत्त्वाचा वाटतो. २००४ च्या त्याच चाचणीत सहा महिन्यांच्या वयात जिवंत असून मज्जासंस्थेचा दोष नसलेल्या बाळांचे प्रमाण लेझरच्या गटात ५२ टक्के होते, तर दुसऱ्या गटात ३१. आज चित्र सुधारले आहे. तरी वाचलेल्या बाळांपैकी काहींना सेरेब्रल पाल्सी (मेंदूच्या इजेमुळे हालचालींत येणारे अपंगत्व) किंवा विकासातील विलंब राहतोच. त्याचे एक मोठे कारण अपुऱ्या दिवसांची प्रसूती. दुर्बिणीने गर्भाच्या आवरणाला पडलेले छिद्र भरून येत नाही, त्यामुळे पाणी लवकर फुटू शकते, आणि लेझरनंतरची प्रसूती सरासरी ३२ आठवड्यांच्या आसपास होते. रक्तप्रवाह सुरळीत झाला तरी हा धोका उरतो.

तंत्राविषयी एक गोष्ट जरूर विचारा. पूर्वी दिसतील तेवढेच जोड बंद करीत. अगदी बारीक जोड राहून जात व त्यांतून एक बाळ हळूहळू रक्तहीन, तर दुसरे अतिरक्ताचे होई. जोडांच्या जागा लेझरच्या रेषेने सलग जोडण्याच्या ‘सॉलोमन’ पद्धतीची २७४ स्त्रियांवरील चाचणी २०१४ साली प्रसिद्ध झाली. तीत या गुंतागुंतीचे प्रमाण १६ वरून ३ टक्क्यांवर आले. जगण्याच्या प्रमाणात मात्र लक्षणीय फरक पडला नाही.

तेव्हा शस्त्रक्रिया करणाऱ्या चमूला, तुमच्या स्वतःच्या रुग्णांत दोन्ही, एक आणि एकही नाही असे प्रमाण वेगवेगळे किती, हे विचारा, आणि वाचलेल्या मुलांची तपासणी दोन वर्षांच्या वयापर्यंत ठेवली जाते का, हेही विचारा. वार पुढच्या बाजूला असल्याचे अहवालात दिसते. दुर्बीण शिरवायला त्यामुळे अडचण येते, म्हणून अशा किती केसेस त्यांनी केल्या आहेत हे जाणून घ्या. प्रसूतीचे रुग्णालय आताच ठरवा, अपुऱ्या दिवसांच्या दोन बाळांना एकाच वेळी सांभाळू शकेल असे. शस्त्रक्रियेनंतर सोनोग्राफी दर आठवड्याला असेल. प्रत्येक अहवाल मला पाठवीत जा, आणि गौरीला काही विचारायचे असेल तर तिने मला थेट फोन करावा.

तुझा,
माधव