तंटामुक्तीच्या काकाजींना, शाळेकडून

आदरणीय काकाजी,

सप्रेम नमस्कार.

गावाच्या तंटामुक्ती समितीचं अध्यक्षपद सोडल्यावर तुम्ही घरी बसला नाहीत. वर्षभर दर शनिवारी सकाळच्या शाळेत येऊन, पोरांची भांडणं पोरांनीच कशी मिटवायची हे शिकवायला, त्यांच्यासोबत सतरंजीवर बसलात. आभाराचा कार्यक्रम तुम्ही होऊ दिला नसता, म्हणून हे पत्र. ते उघडं ठेवलं आहे, कारण बाजूच्या गावांतल्या शिक्षकांना यातलं काही उचलता आलं तर उचलू दे.

15 ऑगस्ट 2007 ला महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली आणि धुऱ्याचे म्हणजे शेताच्या बांधाचे, पांदणीचे, भावकीचे वाद गावातच बसून मिटवायची रीत पडली. त्या बैठकांतलं एक वाक्य तुम्ही शाळेत आणलं: कागदावर मिटलेला तंटा वावरात चालूच राहते. शाळेतही तेच होतं. मास्तर दोघांना उभं करतात, "कोणी सुरू केलं?" विचारतात, "टाळी एका हातानं वाजत नाही" म्हणून दोघांनाही रागावतात आणि हात मिळवायला लावतात. हात मिळतात, शाळा सुटल्यावर पुन्हा जुंपते. "कोणी सुरू केलं" या प्रश्नाला तळच नाही. एक कालचं सांगतो, तर दुसरा थेट तान्ह्या पोळ्यापर्यंत मागे जातो. हा प्रश्न तुम्ही आमच्या तोंडून काढून घेतला, याचे पहिले आभार.

दुसरे आभार पाण्याच्या लोट्याचे. भांडण सुटल्याबरोबर पोरांना बोलतं करू नये. आधी तोंडावर पाणी, दोन घोट पोटात, मग मोठ्यांना पंधरा मिनिटं आणि पहिली-दुसरीच्या लेकरांना पाच मिनिटं वेगवेगळ्या जागी बसवायचं. श्वास फुललेला असताना पोरगं ऐकतच नाही, फक्त उत्तर जुळवत असतं. खिचडीच्या आधी भांडण झालं असेल तर आधी जेवण. उपाशी पोटी झालेला समझोता जेवल्यावर पोरांनाच पटत नाही.

मग दोघांना एकेकट्याला तीन-तीन मिनिटं ऐकायचं आणि प्रश्न तीनच: काय झालं, तुले कसं वाटलं, आता काय झालं म्हणजे तुले बरं वाटीन? "काहून केलं?" म्हणजे "का केलं?" विचारायचं नाही. "काहून" ऐकलं की पोरगं वकील होतं.

बसण्याची रीत तर आम्ही कुठल्याच प्रशिक्षणात ऐकली नव्हती. दोघांना समोरासमोर न बसवता काटकोनात बसवायचं, दोघांची नजर मधल्या पोराकडे, म्हणजे भांडण मिटवायला बसलेल्या वरच्या वर्गातल्या पोराकडे, जाईल असं. मध्ये दीड हाताचं अंतर, आणि दाराकडची बाजू मोकळी, कोणालाच कोंडल्यासारखं वाटू नये म्हणून. समोरासमोर बसलेली पोरं डोळे वटारण्यातच पहिली पाच मिनिटं घालवतात. बघ्यांना बाहेर काढायचं, कारण वर्ग बघत असला की माघार घेणं म्हणजे हरणं होतं.

आणि ती सरकीची पिशवी. जुन्या धोतराच्या कापडाची, मुठीत मावेल एवढी, आत सरकी. जिच्या हातात पिशवी ती बोलणार, बाकीचे ऐकणार. आम्ही आधी छडी वापरणार होतो. तुम्ही हसून म्हणालात, छडी हातात आली की हात वर जातो. पिशवी फेकून मारली तरी लागत नाही, आणि बोलताना बोटांना चाळा मिळतो, त्यानं बुजरं पोरगंही बोलतं होतं.

सगळ्यात जास्त वेळ जातो तो परत सांगण्यात. एकानं सांगितलेलं दुसऱ्यानं आपल्या शब्दांत सांगायचं, आणि पहिला "हो, असंच" म्हणेपर्यंत पिशवी पुढे सरकवायची नाही. इथे दोन गोष्टी बिघडतात. पोरगं वेडावून दाखवत सांगतं, किंवा शेवटी "पण" लावतं. "पण" आला की मधल्या पोरानं फक्त एवढंच म्हणायचं: "पण नंतर. आधी त्याचं पूर्ण कर." आम्ही ही पायरी घाईत उरकायचो आणि मग समझोता का टिकत नाही, म्हणून डोकं खाजवायचो.

मराठीतल्या "वाटणं" या शब्दाचा घोटाळाही तुम्हीच पकडून दिला. "तू माही सायकल न विचारता नेली तेव्हा मले राग आला, मले पायी जा लागलं, पुढच्या वेळी इचारत जा" हे वाक्य बरोबर. पण पोरं म्हणतात, "मले वाटलं की तू चोर आहे." हा आरोपच, फक्त "वाटलं"ची टोपी घातलेला. खूण सोपी आहे: "वाटलं" नंतर "की" आला, तर पुढे आरोप येणार. म्हणून भिंतीवर आम्ही सहा शब्द लिहून ठेवले आहेत: राग, भीती, लाज, हेवा, अपमान, एकटेपणा. त्यातला एक शब्द निवडूनच वाक्य सुरू करायचं. "एकटेपणा" हा शब्द पोरं आपल्या तोंडानं क्वचितच वापरतात; भिंतीवर दिसला की बोट ठेवतात.

मागणी आणि गरज वेगळी करणं हा सातवीच्या पोरांना जमणारा भाग आहे. दोघांनाही बॅट पाहिजे, ही मागणी. "कशाले पाहिजे?" विचारल्यावर कळतं की एकाला पहिली पाळी हवी आहे आणि दुसऱ्याला भीती आहे की घरून आणलेली बॅट तुटली तर बाप मारेल. आता दोन गोष्टी झाल्या, आणि दोन्ही एकाच वेळी सुटू शकतात. चांगला-वाईट न ठरवता आधी चार उपाय तरी काढायचे, मगच निवडायचं. पहिलाच उपाय पकडला तर तो बहुतेक मोठ्या आवाजाच्या पोराचा असतो.

समझोता वहीत लिहायचा तर कोण, काय, कधीपर्यंत, हे त्यात आलंच पाहिजे. "पुन्हा भांडणार नाही" हे वाक्य वहीत चालत नाही, ते तपासताच येत नाही. "सोमवार ते शनिवार हातपंपावर आधी पाचवीच्या मुली, मग सहावीच्या" हे तपासता येतं. तिसऱ्या दिवशी आणि दहाव्या दिवशी दोघांना वेगवेगळं विचारायचं. मोडला असेल तर शिक्षा नाही. समझोता चुकीचा होता असं धरून पुन्हा बसायचं. "सॉरी" मागून घ्यायची नाही, आपोआप आली तर येऊ द्यायची.

मधली पोरं सहावी ते आठवीतली, जोडीनं, एक मुलगा एक मुलगी, वेगवेगळ्या वस्तीतली. चाळीस मिनिटांच्या सहा बैठकांत ती तयार होतात. वर्गाच्या मॉनिटरला हे काम देऊ नये, असं तुम्ही निक्षून सांगितलं, ते खरंच. मॉनिटरनं नावं लिहून सरांना द्यायची असतात. त्याच्यापुढे कोण मन मोकळं करील?

तुम्ही जिथे थांबायला लावलं, त्याचे आभार सगळ्यात मोठे. एकच पोरगं रोज एकाच लेकराला छळत असेल, जातीवरून बोलत असेल, पैसे उकळत असेल, कोणी नको तिथे हात लावला असेल, तर सतरंजी अंथरायचीच नाही. ते भांडण नाही. दोघांची ताकद सारखी नसताना "तू थोडं सोड, तो थोडं सोडीन" म्हणणं म्हणजे मार खाणाऱ्यालाच आणखी सोडायला लावणं. तिथे मोठ्यांनी त्याच दिवशी हात घालायचा. लैंगिक छळाची गोष्ट असेल तर पोक्सो कायदा, 2012 प्रमाणे पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, गावात मिटवणं नाहीच. 1098 हा मुलांच्या मदतीचा फोन नंबर पाचवीपुढच्या प्रत्येक पोराला पाठ आहे. आणि आमच्या बाजूनं मार नाही; शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 17 नं तो बंद केला आहे, आणि मारणाऱ्या मास्तरानं शांततेचा धडा दिला तर पोरं मारच शिकतात.

राहिले धुऱ्याचे वाद. नांगरताना बापानं शेजाऱ्याचा धुरा कोरला की जुलैत दोन लेकरं एका बेंचवर बसत नाहीत. बापांचा वाद आपण सोडवायचा नाही, आणि लेकरांना त्यावर बोलायलाही लावायचं नाही. फाटकाच्या आत आपण कसं वागायचं, एवढंच ठरवायचं. अशा जोडीला मधलं पोरगं निवडताना दोघांच्या भावकीतलं नाही ना, हे आधी बघायचं. हे आम्ही एकदाही विसरू नये म्हणून वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलं आहे.

पिशवीची शिवण उसवली आहे, सरकी सांडते. पोरांनी नवी शिवायला घेतली, पण धोतराचं कापड तुमच्याकडचंच पाहिजे म्हणतात. येत्या शनिवारी नव्या जोड्यांची पहिली बैठक आहे, साडेआठला. येताना तुकडा घेऊन या.

तुमचे,
जिल्हा परिषद शाळेतले सगळे शिक्षक