विद्यार्थ्यांना एकदा वाद्य बनवू द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

नव्याने घडवलेल्या तंतुवाद्यांचा विषय निघाला की ‘हे आपल्या परंपरेतले नाही’ हा शेरा ठरलेला. सरोदघर हे वाद्यसंग्रहालय ज्या ग्वाल्हेरात आहे, तेथे तरी तो ऐकू येऊ नये. रबाबाच्या लाकडी पट्टीवर पोलादी पत्रा बसला, तातीऐवजी (आतड्याच्या तारांऐवजी) धातूच्या तारा चढल्या, तेव्हा कुठे त्याचा सरोद झाला आणि नखाने लांब मींड, म्हणजे स्वरावरून स्वरावर अखंड घसरत जाणे, जमू लागले. लाकडावर मींड मध्येच विझायची. हा बदल कुणीतरी वाद्य उघडून, कापून, ठोकूनच केला.

१९१८ पासूनच्या माधव संगीत महाविद्यालयाला आणि राजा मानसिंह तोमर संगीत व कला विद्यापीठाला आमची विनंती आहे : तंतुवाद्याच्या विद्यार्थ्यांकडून एक साधे वाद्य बनवून घ्यावे आणि त्यावर उपज (आयत्या वेळी सुचेल ते वादन) करायला लावावी. सतारीवर हात सवयीच्या जागी आपोआप पडतो. अनोळखी वाद्यावर कानालाच पुढे व्हावे लागते.

डच वाद्यनिर्माता युरी लांडमन याने २००६ मध्ये १२ तारांचे ‘मूडस्विंगर’ केले. त्यात दोन टोकांच्या घोड्यांखेरीज (तारा ज्यांवर टेकतात त्या पट्ट्यांखेरीज) तारांखाली मध्येच तिसरी घोडी असते. ते तत्त्व सागवानाच्या फळीवर सहज उतरते. फळी १०० सेंमी लांब, २० रुंद, ४ जाड. पाव मिमी जाडीची पोलादी तार, स्वरमंडळाच्या लोखंडी खुंट्या, दोन्ही टोकांना १० मिमी उंच घोड्या, त्यांच्यात ८० सेंमी अंतर. बाराही तारा पांढरी सहाला, म्हणजे २२० हर्ट्झला लावायच्या. प्रत्येक तारेचा ताण सुमारे ५ किलो, एकूण ६०. पैसे वाचवायला २ सेंमीची फळी घेतली तर ती वाकते आणि शेवटची तार चढेपर्यंत पहिली उतरलेली असते. खुंटीचे भोक किंचित बारीक हवे. सैल झाले तर खुंटी फिरते, फारच घट्ट केले तर फळीला चीर जाते.

आता तिसरी घोडी म्हणून १२ मिमीची लोखंडी सळई तारांखाली सरकवा. ती घोड्यांपेक्षा बुटकी असेल तर तार तिच्यावर दाबून बसत नाही आणि खडखडते. एका टोकाच्या घोडीपासून २६.७ सेंमीवर ठेवली की तारेचा लहान तुकडा ६६० हर्ट्झला बोलतो, मोठा ३३०ला. मोठ्याचा दुसरा स्वरांश (मूळ स्वराच्या दुप्पट कंपनांचा, त्यातच दडलेला सूर) नेमका ६६०, म्हणून लहान छेडला की मोठा न छेडताच तरफेच्या तारेसारखा घुमतो. ४०, २० आणि १६ सेंमीवरही अशीच साथ मिळते. ३० सेंमीवर मात्र स्वरांश फार वर जुळतात, घुमणे क्षीण होते, आवाज घंटेसारखा कडवट लागतो. तोही हवाच. सळई तिरकी ठेवून पाहावी : बारा तारा, बारा वेगळी प्रमाणे.

आयोजकांसाठी एक गोष्ट. फळीला पिझो चकती (कंपनांचे विजेच्या संकेतात रूपांतर करणारी) चिकटवून थेट मिक्सरच्या लाइन इनपुटला जोडली की आवाज पत्र्यासारखा येतो आणि दोष वाद्यावर ढकलला जातो. चकतीची धारिता २० नॅनोफॅरड आणि इनपुटचा रोध १० किलोओहम धरला तर ८०० हर्ट्झच्या खालचे सारे दुबळे होते. मूळ २२०चा स्वर तिथेच हरवतो. १ मेगाओहम इनपुटचा प्रीअँप (मिक्सरआधीचा छोटा ध्वनिवर्धक) मध्ये घातला की तो परत येतो. चकतीच्या केबलचे धातूचे कवच अर्थिंगला जोडलेले असावे, नाहीतर विजेचा गुंजारव मिसळतो. चकतीला डाग देताना सोल्डरिंगची इस्त्री दोन सेकंदांहून जास्त टेकवू नये, चांदीचा थर सुटतो.

ज्या संस्थेकडे लांब व्हरांडा आहे तिने अमेरिकन संगीतकार एलन फुलमन यांच्या पद्धतीचीही एक तार बांधून पाहावी. राळ लावलेल्या बोटांनी तार लांबीच्या दिशेने घासायची. १२ मीटरची पोलादी तार २०० हर्ट्झच्या आसपास बोलते, आणि ताण वाढवून स्वर जवळपास हलत नाही. लांबीच बदलावी लागते.

उपज करताना चौघांहून जास्त नकोत. सम नसल्याने सगळे एकदम वाजवू लागतात. म्हणून सळई एका वेळी एकानेच हलवावी आणि थांबण्याची खूण आधी ठरवावी. गुण द्यायचे तर वहीला द्यावेत : सळई किती सेंमीवर होती, कोणत्या बाजूला छेडले, कशाने. हे लिहिलेले नसेल तर आज सापडलेला आवाज पुढच्या आठवड्यात सापडत नाही.

आपले,
तंतुवाद्यांची दुरुस्ती करणारे काही वाचक
लष्कर, ग्वाल्हेर