हेडफोनबद्दल, शेवटचंच

म्हार्दोळ,
बुधवार, रात्री

चि. सोहम,
अनेक आशीर्वाद.

रविवारी तुझ्या डोक्यावरचा हेडफोन मी ओढून काढला, ते चुकलंच. चोवीस वर्षांच्या मुलाशी असं वागतात का, हे आई तीन दिवस ऐकवतेय. तिचं मात्र मला सगळं ऐकू येतं. फोन केला असता, पण फोनवर अर्धे शब्द गळतात आणि मी उगीच हो हो करत बसतो. म्हणून कागद.

शनिवारी पर्वरीला रेकॉर्डिंग. आपल्या पावसात तबल्याची पुडी, ते वरचं कातडं, ओल धरते, सूर उतरतो; स्टुडिओच्या एसीत सुकली की चढतो. तेव्हा गाडीतून काढल्या काढल्या हातोडी मारू नकोस. तासभर आधी जा, तबला तिथल्या हवेत बसू दे, मग लाव. आणि दर टेकआधी तानपुऱ्याशी पडताळून बघ. गाणाऱ्या बाईंची पट्टी आजच विचारून ठेव. जादा तबला ने, ऐनवेळी पुडी फाटली तर फोंड्याला धावणार कोण? कडक इस्त्रीचा सदरा नको, माइकात चुरचुरतो. घड्याळ काढ, आजोबांची अंगठीही. शेवटच्या ठोक्यानंतर डग्ग्याची आस, तो मागे घुमणारा नाद, विरेपर्यंत हलू नकोस. भजनी सप्ताहात तिहाई पडली रे पडली की तुझा हात पाण्याच्या तांब्याकडे जातो, मी बघितलंय.

तू म्हणतोस, चुकलं तर तेवढीच जागा पंच करू, तेवढाच तुकडा पुन्हा वाजवून जोडू. केरीच्या गायिका केसरबाईंच्या काळी रेकॉर्डच्या तव्याची एक बाजू तीन-साडेतीन मिनिटांची, चुकलं की पहिल्यापासून. लागलो बघ व्याख्यान द्यायला. सोय आहे तर कर पंच. फक्त आधी अख्खे दोन टेक दे.

आता हेडफोन. एक कान उघडा ठेवून वाजवतोस, मग दुसऱ्या कानात क्लिक, ती लय दाखवणारी टकटक, वाढवतोस. उघड्या बाजूने तो क्लिक माइकात शिरतो आणि डग्ग्याच्या आसेत टकटक ऐकू येते. दोन्ही कान झाक. बाईंचा आवाज ऐकू येत नसेल तर तो वाढवायला सांगू नकोस, बाकीचे उतरवायला सांग. लाजू नकोस, इंजिनिअर त्यासाठीच बसलेला असतो.

मला डॉक्टरांनी सांगितलेला हिशेब असा: 85 डेसिबलला आठ तास, पुढे दर 3 डेसिबलला वेळ निम्मी. म्हणजे 94 ला एक तास. तुम्ही सहा तास बसता. कानातले ते बारीक केस एकदा गेले की परत येत नाहीत. खनिजाच्या बार्जच्या पोटात गंज ठोकताना आम्ही कापसाचे बोळे घालायचो आणि वाटायचं, झालं. 2012 मध्ये खाणी बंद पडल्या, काम सुटलं, कानातली शिटी राहिली. रातकिडे कधी गेले ते कळलंच नाही. चाटीवरचा, पुडीच्या काठावरचा तुझा ‘ना’ही मला आता बोट पडताना दिसतो तेवढाच. डग्गा ऐकू येतो, म्हणून मी नेहमी डग्ग्याचंच कौतुक करतो. तुला वाटायचं, बाबांना डावा हात जास्त आवडतो.

हे लिहायचं नव्हतं.

सहा वर्षांचा होतास, वास्कोच्या सप्ताहात पहाटे माझ्या मांडीवर झोपला होतास आणि नेमका समेवर डोळे उघडायचास. शेजारच्या पखवाजवाल्याने दोनदा बघितलं, मग हसला. मी कोणाला बोललो नाही, दृष्ट लागते. काल मात्र पोस्टात तुझ्या रेकॉर्डिंगचं सांगून आलो, कोणी विचारलं नसताना.

झालं की पेन ड्राइव्हवर आण. स्पीकरवर हात ठेवून ऐकीन.

तुझा,
बाबा

ता. क. हातोडी देवघराच्या कोनाड्यात सापडली. शुक्रवारी काकाच्या हाती पाठवतो, सोबत पावडरचा डबा. मध्ये दर पाऊण तासाने हेडफोन काढून बाहेर ये. आई म्हणते, पुरे आता.