रेनकोटवाल्या काकांना मनापासून थँक्यू

कुळ्याजवळ आम्ही गावातली मंडळी रेल्वेने सेवेतून काढलेला एक जुना डबा घेऊन त्यात भजन, नाटकाच्या तालमी आणि पोरांच्या चित्रकलेसाठी जागा करतोय. चेन्नईतल्या पेरांबूरच्या रेल्वे डब्यांच्या कारखान्यातला (आयसीएफ) डबा, एकदम भक्कम, पण जूनचा पाऊस सुरू झाला आणि आत पाणीच पाणी, टपावर डांबर ओतलं तरी थांबेना, त्यात पेटी भिजायला लागली तेव्हा मला खरंच रडू आलं.

तेवढ्यात एक काका स्कूटर थांबवून आत आले, आधी अंगातला रेनकोट काढून पेटीवर घातला, मग म्हणाले, "टप सोडा, खिडक्यांखालची भोकं बघा." आयुष्यभर डब्यांचंच काम केलेला माणूस! खिडकीतून आत शिरलेलं पाणी बाहेर जायला खाली भोकं असतात, ती गंजाने आणि रंगाने बुजली होती. सायकलची तार घेऊन, भर पावसात गुडघ्यांवर बसून दोन तास एकेक भोक मोकळं केलं त्यांनी, आणि शेवटच्यातून लालसर पाण्याची धार सुटली तेव्हा लहान पोरासारखे हसले.

पैसे घेतलेच नाहीत. थोडा वेळ खिडकीपाशी बसू का, एवढंच विचारलं.

नाव विचारायचं राहिलं. काका, रेनकोट आमच्याकडेच आहे, रविवारी संध्याकाळी तालीम असते, नक्की या.