स्वमताचे निकष मुलांना आधी कळावेत

संपादक महोदय,

दहावीच्या मराठी कृतिपत्रिकेत (प्रश्नपत्रिकेत) ‘स्वमत’, म्हणजे मुलांनी स्वतःचे मत मांडण्याचा प्रश्न आला, तेव्हा आम्हा भाषाशिक्षकांना मनापासून आनंद झाला होता. प्रश्न बदलला, पण तपासणारी नजर अनेक ठिकाणी तीच राहिली. आजही ओळी मोजल्या जातात, अक्षर पाहिले जाते.

गेल्या सत्रात नववीला पाणीबचतीवर स्वमत विचारले. बहुतेकांनी ‘पाणी म्हणजे जीवन’पासून सुरुवात करून गाइडमधला मजकूर सुवाच्य अक्षरात उतरवला. एका मुलीने चारच ओळी लिहिल्या. वस्तीवर टँकर येतो तेव्हा ज्याची टाकी मोठी त्याला जास्त पाणी मिळते, आम्ही दोन घागरींत भागवतो, मग बचत आधी कुणी करायची? ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका होत्या. रूढ तपासणीत तिला तीनपैकी जेमतेम एक गुण मिळाला असता. खरे विश्लेषण मात्र अख्ख्या वर्गात तिनेच केले होते.

म्हणून मी आता प्रश्नासोबतच निकष फळ्यावर लिहिते: मत स्पष्ट आहे का, त्याला कारण दिले आहे का, स्वतःच्या पाहण्यातला दाखला आहे का. प्रत्येकी एक गुण. दाखला मताशी जुळत नसेल तर अर्धा. शुद्धलेखनाचे गुण निबंधात देते, इथे नाही. मुले एकमेकांच्या वह्याही यावरच तपासतात. ‘बाई, यानं कारणच दिलं नाही,’ असे ती सांगू लागली, हे मला फार मोलाचे वाटते. साठ मुलांच्या वर्गात हे जमत नाही, असे सहकारी म्हणतात. उलट निकष ठरलेले असले की तपासणी लवकर उरकते.

बी.एड.ला ब्लूमचे वर्गीकरण, म्हणजे नुसत्या स्मरणापासून विश्लेषण-मूल्यमापनापर्यंतच्या विचाराच्या पायऱ्या, आपण सगळेच शिकतो. पाठाच्या टाचणात मात्र ‘कवितेचा आशय समजावून देणे’ हेच उद्दिष्ट वर्षानुवर्षे उतरते. ते शिक्षकाचे काम झाले. ‘कवीच्या विचाराशी सहमत आहे की नाही, ते विद्यार्थी कारणासह सांगतो’ असे लिहिले की तासाची आखणीच बदलते.

राज्यात २०१० साली सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन, म्हणजे मुलाच्या प्रगतीची वर्षभर नोंद ठेवण्याची पद्धत आली आणि कित्येक नोंदवह्यांत ‘उपक्रमात आवडीने भाग घेतो’ हे वाक्य पटावरच्या प्रत्येक नावापुढे पडले. आता मुलाच्या सर्वांगीण प्रगतीची नोंद करणाऱ्या समग्र प्रगतिपत्रकाची तीच गत होऊ नये.

मंडळाने स्वमताच्या गुणदानाचे निकष, गुण देऊन तपासलेल्या दोन-तीन नमुना उत्तरांसह, जूनमध्येच मुलांच्या हाती द्यावेत, ही कळकळीची विनंती.

– एक माध्यमिक शिक्षिका, दहिवडी (ता. माण, जि. सातारा)