लंडनचे पोपट आणि पिंजऱ्यांचा बाजार

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत लंडनच्या हिरव्या पोपटांवर आलेला लेख वाचला. हाइड पार्कमध्ये लोकांच्या तळहातावरचे दाणे टिपणारा हा पक्षी म्हणजे आपल्याकडच्या वडा-पिंपळांवर कलकलाट करणारा, नराच्या गळ्याला गुलाबी कंठ असलेला पोपटच आहे, हे वाचून अनेकांना कौतुक वाटले असेल. मात्र साहेबाच्या राजधानीत आपल्या पाखराने बस्तान बसवले, हा लेखाचा अभिमानाचा सूर मला पटला नाही. हे पोपट तिथे उडत गेले नाहीत, त्यांना पिंजऱ्यांत घालून नेले गेले. आणि लेखाने नेमकी हीच बाब एका ओळीत उरकली आहे.

त्याऐवजी लेखात दोन दंतकथा सविस्तर आल्या आहेत. जिमी हेंड्रिक्स या गिटारवादकाने कार्नबी स्ट्रीटवर पोपटांची जोडी सोडली ही एक, आणि १९५१ साली एका चित्रपटाच्या चित्रीकरणातून पोपट निसटले ही दुसरी. लंडनच्या क्वीन मेरी विद्यापीठातील संशोधकांनी २०१९ साली या कथा तपासून पाहिल्या. गुन्हेगाराचे ठिकाण हुडकण्यासाठी पोलीस तपासात वापरली जाणारी नकाशांची पद्धत त्यांनी पोपटांच्या जुन्या नोंदींना लावली, तेव्हा कथांमधल्या एकाही ठिकाणाला पुष्टी मिळाली नाही. जुन्या वर्तमानपत्रांतून हाती लागले ते वेगळेच: १९२९ ते १९३१ या काळात आणि पुन्हा १९५२ मध्ये पोपटांपासून माणसांना होणाऱ्या तापाच्या बातम्या झळकल्या होत्या, आणि अशा वेळी घाबरलेल्या मालकांनी आपापले पोपट सोडून दिले असावेत, असा या संशोधकांचा कयास आहे. एका नामवंताने केलेला खोडसाळपणा ऐकायला रंजक वाटतो हे मान्य. पण असंख्य अनामिक घरांतून सुटलेल्या आणि सोडलेल्या पोपटांनी ही वस्ती उभी राहिली, हेच अधिक संभवते. ब्रिटनमध्ये १९६९ पासून ते मोकळ्यावर वीण करीत आहेत आणि आज तिथे त्यांच्या सुमारे १२ हजार जोड्या असल्याचा अंदाज आहे. ब्रुसेल्सची कथा तर दंतकथाही नाही. १९७४ साली तिथल्या एका करमणूक उद्यानाने शहराला रंगत यावी म्हणून चाळीसेक पोपट सरळ सोडून दिले.

युरोपातल्या पोपटांचे मूळ मुख्यतः आजचा पाकिस्तान आणि उत्तर भारत या भागांत असल्याचे २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासातून दिसले. उत्तरेकडच्या थंडीची सवय असलेल्या पाखरांना लंडनचा हिवाळा सोसला, त्यात घरोघरच्या परसातले दाण्यांचे डबे मदतीला आले, यात आश्चर्य नाही.

आता त्यांच्या उपद्रवाविषयी. पोपट स्वतः ढोली कोरत बसत नाही. तयार ढोली शोधतो आणि इतर पक्ष्यांच्या आधी, हिवाळा पुरता सरण्यापूर्वीच तिच्यावर ताबा मिळवतो. बेल्जियममध्ये यामुळे शिलिंध्री या छोट्या पक्ष्याची पंचाईत होते, असे अभ्यासकांनी दाखवले आहे. पण तिथेही तो नामशेष होण्याच्या वाटेवर नाही, आणि ब्रिटिश सरकारनेही पोपटांच्या सरसकट हत्येचा मार्ग पत्करलेला नाही, हे मला योग्य वाटते. स्पेनमधल्या सेव्हिल शहरातील मारिया लुइसा उद्यानाची गोष्ट मात्र वेगळी आहे. तिथे युरोपातील एका मोठ्या, दुर्मीळ वटवाघळाची महत्त्वाची वसाहत आहे. पोपटांनी ढोल्यांसाठी या वटवाघळांवर हल्ले केले, काहींना ठार मारले, आणि १४ वर्षांत वटवाघळांचा वावर असलेल्या झाडांची संख्या सुमारे ८० टक्क्यांनी घटली.

बेटांवर तर चूक परवडतच नाही. ज्या मॉरिशसला आपली मराठी माणसे उसाच्या मळ्यांवर मजुरीसाठी गेली, त्याच बेटावर हा पोपटही एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पोहोचला. तिथल्या मूळच्या, फक्त त्याच बेटावर आढळणाऱ्या पोपटाची संख्या १९८० च्या दशकात जेमतेम दहा-बारावर आली होती. त्याला त्या टोकाला नेले ते मुख्यतः जंगलतोडीने आणि माणसाने आणलेल्या उंदीर-माकडांनी. पण तो सावरत असताना ढोल्यांची स्पर्धा आणि पिसे झडवणारा विषाणू या दोन्ही बाबतींत आपल्या पोपटाचे सान्निध्य त्याला जाचक ठरले. हिंदी महासागरातल्या सेशेल्स या द्वीपराष्ट्राने म्हणूनच आपल्या माहे बेटावरून हा पक्षी पूर्णपणे हटवला. पक्षिप्रेमींना ही कारवाई क्रूर वाटेल. मलाही ती वाचताना वाईट वाटले, पण सेशेल्सच्या दुर्मीळ काळ्या पोपटाचा विचार करता ती टाळता आली असती असे वाटत नाही.

युरोपीय संघाने पकडलेल्या वन्य पक्ष्यांची आयात २००५ मध्ये बर्ड फ्लूच्या भीतीने थांबवली आणि २००७ पासून ती कायमची बंद केली. आपल्याकडे देशी पक्ष्यांच्या व्यापारावर त्याच्या दीड दशक आधीच बंदी आली. असे असूनही आपल्या शहरांत ढोलीतून काढलेली, डोळेही न उघडलेली पिल्ले आजही विकली जातात, आणि घराच्या गॅलरीत टांगलेला मिठूचा पिंजरा हा वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार गुन्हा आहे याची अनेक सुशिक्षित कुटुंबांना कल्पनाच नसते. परदेशी पोपट, लव्हबर्ड यांची विक्री तर राजरोस चालते. तेही पिंजऱ्यातून निसटतात, हे आपल्या लेखातील लंडनच्या उदाहरणावरून लक्षात यायला हवे होते.

तेव्हा या विषयावर पुन्हा लिहिताना आपल्या दैनिकाने पिंजऱ्यांच्या या बाजाराची दखल घ्यावी, आणि सोबत एक साधी माहिती चौकटीत छापावी, ही विनंती: घरात पोपट असल्यास तो कीव येऊन खिडकीतून सोडून देऊ नये, कारण हाताळलेला पक्षी बाहेर तग धरेलच असे नाही आणि परदेशी पक्ष्याने तग धरला तर तोच इथे नवा उपद्रव ठरू शकतो; देशी पोपट वन विभागाच्या स्वाधीन करावा. त्यासाठी वन विभागाचा १९२६ हा निःशुल्क दूरध्वनी क्रमांक उपलब्ध आहे.

आपला,
एक नियमित वाचक, सातारा